कारखान्याआधीचे लक्ष्मणराव

हॉस्टेलच्या टाकीत सकाळी पाणी चढवणारा पंप कुणाचा, हे आपण कधी वाकून बघितलंय का? त्याच्यावरची पट्टी पुसली तर बहुतेक वेळा एकच आडनाव दिसतं. थर्मल लॅबमध्ये रोप ब्रेक लावून ज्याचं रीडिंग घेता घेता आपला घाम निघतो, ते सिंगल सिलिंडर डिझेल इंजिनसुद्धा बऱ्याच कॉलेजांत त्याच आडनावाचं असतं. किर्लोस्कर. हे नाव इतकं डोळ्यांसमोर असतं की ते एका माणसाचं आहे, आणि त्या माणसाला एके काळी कुणी ओळखत नव्हतं, हे लक्षातच येत नाही.

त्यांच्या मोठ्या कारखान्यांवर, उद्योगसमूहावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला लिहायचंय ते त्याआधीच्या काळाबद्दल. म्हणजे बेळगावातलं एक लहान वर्कशॉप, हातात मोजके पैसे, सोबत चार-पाच माणसं आणि एक वस्तू, जी कुणी विकत घ्यायला तयार नाही, असा तो काळ. कारण सरळ आहे. फायनल इयरच्या प्रत्येक रूममध्ये रात्री एक वाजता कुणी ना कुणी स्वतःची कंपनी काढत असतो. कुणाला महापेला ऑफिस हवं असतं, कुणाला रबाळ्याला गाळा. आयडिया सगळ्यांकडे असते. ती बाजारात नेल्यावर दोन वर्षं काहीच घडलं नाही तर काय खायचं, या प्रश्नाशी मात्र चर्चा पोचण्याआधी सगळे झोपून जातात. लक्ष्मणरावांवर ती दोन वर्षं खरोखरच आली होती.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. वडील वेदान्ताचा अभ्यास असलेले. मुलाला मात्र शाळेच्या पुस्तकात काही रस नव्हता. त्याला चित्रं काढायची होती आणि वस्तू खोलून बघायच्या होत्या. आजही ज्या मुलाला नातेवाईक वाया गेलेला समजतात, त्यातलाच हा प्रकार. थोरला भाऊ रामुअण्णा पाठीशी उभा राहिला, त्यानं पैशाची सोय केली आणि 1885 मध्ये लक्ष्मण मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

तिथे दोन वर्षांनी एक गोष्ट उघडकीला आली. त्याला काही रंग नीट ओळखता येत नव्हते. अंशतः रंगांधळेपणा. चित्रकार व्हायला निघालेल्या माणसाला याहून वाईट बातमी कुठली असणार? पण पेन्सिलीच्या रेषेला रंग लागत नाही. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले. फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या सबमिशनला आपण सगळे शिव्या घालतो, पण या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका विषयावर उभं राहिलं. त्याच जोरावर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवण्याची नोकरी मिळाली. आज फेस्टला आपण माटुंग्याला ज्या व्हीजेटीआयमध्ये जातो, तीच ही संस्था. तेव्हा ती भायखळ्याला होती.

नोकरी ड्रॉइंग शिकवण्याची, पण जीव अडकला वर्कशॉपमध्ये. फावल्या वेळात ते यंत्रांजवळ असायचे. यंत्र चालवायला, उघडायला, दुरुस्त करायला तिथेच शिकले. परदेशी पुस्तकं आणि मासिकं वाचून कुठे काय चाललंय याची माहिती ठेवायची सवयही तेव्हाचीच. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. हे वाक्य मुद्दाम लिहितोय, म्हणजे केटी लागलेल्या मंडळींना जरा बरं वाटेल. पण ते मास्तर असूनही वर्कशॉपमध्ये विद्यार्थ्यासारखे हात काळे करत होते, हेही त्याच मंडळींनी लक्षात ठेवावं.

याच काळात सायकल आली. 1888 मध्ये दोघा भावांनी बेळगावला सायकलचं दुकान सुरू केलं. नाव किर्लोस्कर ब्रदर्स. मुंबईहून सायकली घेऊन पाठवायचं काम लक्ष्मणरावांचं, बेळगावला विकायचं काम रामुअण्णांचं. तेव्हा सायकल म्हणजे श्रीमंतांची चैन होती. शिवाय ती घेतली तरी चालवता कुणाला येत होती? म्हणून रामुअण्णा सायकल चालवायलाही शिकवायचे, आणि शिकवायची फी 15 रुपये! तेव्हाचे 15 रुपये म्हणजे बरीच मोठी रक्कम. वस्तू नवीन असेल तर ती वापरायला शिकवणं हा धंद्याचाच भाग असतो आणि त्याचेही पैसे मिळू शकतात, हे या भावांना पहिल्याच दुकानात कळलं.

1897 मध्ये बढतीची वेळ आली. जागा लक्ष्मणरावांना मिळायला हवी होती. मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. गोऱ्यांच्या राज्यात हे नवल नव्हतं; बाकीचे लोक अशा वेळी चार दिवस धुसफुसत आणि परत कामाला लागत. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला गेले. वय 28, लग्न झालेलं, पगार बंद. हा प्रसंग स्वाभिमानाची कथा म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. पण नोकरी सोडली त्या दिवशी बेळगावला नऊ वर्षं चाललेलं एक दुकान होतं आणि त्या दुकानात थोरला भाऊ बसलेला होता. हे सांगायचं राहून जातं. हवेत उडी मारलेली नव्हती, खाली सतरंजी होती. माझ्या मते यात कमीपणा काहीच नाही.

बेळगावला सायकलच्या दुकानाच्या जोडीनं लहानसं वर्कशॉप उभं राहिलं. लक्ष्मणरावांचं लक्ष शेतीच्या यंत्रांकडे गेलं. का गेलं असेल? मुंबईतला उद्योग म्हणजे कापडगिरण्या. त्यांची यंत्रं विलायतेहून यायची आणि त्यात लहान माणसाला शिरकाव नव्हता. बेळगावच्या आजूबाजूला मात्र जिकडे तिकडे शेती, आणि शेतीत यंत्र म्हणावं असं जवळजवळ काही नाही. पहिलं यंत्र झालं ते कडबा कापण्याचं. अख्खा कडबा जनावरासमोर टाकला तर ते पानं खातं आणि धाटं तुडवतं. बारीक कापून दिला तर वाया कमी जातो. यंत्र साधं, फायदा त्याच दिवशी डोळ्यांना दिसणारा. मग त्यांनी लोखंडी नांगर करायला घेतला. वर्ष 1903.

आता आपल्या विषयाचा गाभा येतो, म्हणून इथे जरा थांबतो.

नांगर तयार झाला आणि विकला गेला नाही. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. याचं ठरलेलं कारण सगळीकडे वाचायला मिळतं ते असं की शेतकरी अंधश्रद्धाळू होते, लोखंडामुळे जमिनीला विष चढतं आणि ती नापीक होते असं त्यांना वाटायचं. तशी समजूत होती, हे खरं आहे. पण मला हे कारण अर्धवट वाटतं, आणि आपल्यासारख्यांना ते फार सोयीचंही आहे. आपली वस्तू खपली नाही की गिऱ्हाईक अडाणी, हे म्हणायला काय लागतं?

जरा शेतकऱ्याच्या बाजूनं हिशेब करून बघा. त्याचा जुना नांगर लाकडी. बाभळीचं लाकूड त्याच्याच बांधावरचं, नांगर घडवणारा सुतार गावातलाच. लोखंडाचा असतो तो फक्त फाळ, आणि तो शेवटायला, धार लावायला लोहारही गावातलाच. या दोघांना रोख पैसे द्यायचे नसत. बलुतं होतं, म्हणजे सुगीला धान्य दिलं की वर्षभराची दुरुस्ती त्यात आली. आजच्या भाषेत, घरपोच सर्व्हिस असलेलं वार्षिक कॉन्ट्रॅक्ट, तेही हप्ता पीक आल्यावर. नांगरणी ऐन भरात असताना नांगर मोडला तर सुतार संध्याकाळपर्यंत उभा करून देणार. आता हा बेळगावचा मास्तर रोख पैसे मागतोय, आणि त्याचा बिडाचा भाग तुटला तर गावचा लोहार हात लावू शकत नाही, कारण बीड ठोकून जोडता येत नाही. शिवाय तो ओढायला बैल जास्त लागतात. एवढं सगळं असताना जो शेतकरी पहिल्याच दिवशी नांगर विकत घेईल, त्यालाच मी अडाणी म्हणेन.

म्हणजे लक्ष्मणरावांची स्पर्धा विलायती कंपनीच्या नांगराशी होती तशी गावच्या सुताराशीही होती. आणि सुतार हा फार अवघड प्रतिस्पर्धी.

मग लोखंडी नांगराची बाजू काय? लाकडी नांगर जमीन उकरतो, पण उलटवत नाही. लोखंडी नांगराचा पंखा माती कापून पालथी टाकतो. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा ही तणं खोलवर मुळं धरून बसतात, ती लाकडी नांगराला दाद देत नाहीत. खोल नांगरट केली तरच ती उपटून उन्हात वाळतात. हा फायदा खराच मोठा होता. अडचण एवढीच की कडबा कापण्याच्या यंत्राचा फायदा संध्याकाळी दिसतो, आणि नांगराचा फायदा दिसायला एक अख्खा हंगाम जावा लागतो. दुसऱ्याच्या शेतावर तो दिसेपर्यंत बाकीचे थांबून राहणार. लोखंडानं जमीन बिघडते का, याचं उत्तरसुद्धा दुकानात उभं राहून देता येत नाही. एक पीक घेऊन दाखवावं लागतं. म्हणून शेतात जाऊन प्रत्यक्ष नांगरून दाखवणं, हाच खरा मार्ग होता. सायकल शिकवून विकणाऱ्या घराला तो नवा नव्हता.

तांत्रिक बाजूही सोपी नव्हती. फाळ मऊ राहिला तर आठवड्यात झिजतो, जास्त कडक झाला तर दगडाला लागून तुटतो. मटेरियल सायन्सच्या पेपरात आपण चिल्ड कास्टिंगवर पाच मार्कांची टीप लिहितो ना, त्याचा जन्म नांगराच्या फाळातूनच झालाय. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यानं 1803 मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. साच्याच्या एका बाजूला वाळूऐवजी लोखंडाचा तुकडा ठेवायचा. त्याला टेकलेलं बीड झटकन थंड होतं आणि कडक बनतं, बाकीचा भाग सावकाश थंड होऊन कमी ठिसूळ राहतो. त्यामुळे फाळ झिजतानाच त्याला धार लागत राहते. विलायती नांगरामागे शंभर वर्षांचं हे ज्ञान होतं. बेळगावच्या वर्कशॉपला ते करून, चुकून, वितळवून, पुन्हा करूनच मिळवायला लागणार होतं.

या दोन वर्षांत वर्कशॉप बंद का पडलं नाही? नांगरामुळे नव्हे, हे उघडच आहे. चूल पेटत राहिली ती सायकलचं दुकान, कडब्याची यंत्रं आणि जे मिळेल त्या इतर कामांवर. आपल्याकडे ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही बाजूंच्या एमआयडीसीत आजही हेच दिसतं. प्रोजेक्टचा शाफ्ट टर्निंग करून घ्यायला आपण ज्या गाळ्यात जातो, त्या गाळ्याच्या कोपऱ्यात कापड टाकून मालकाचं स्वतःचं एखादं यंत्र अर्धवट उभं असतं. दिवसा लोकांचं जॉबवर्क, रात्री ते यंत्र. लोकांना वाटतं हा माणूस आपल्या स्वप्नाकडे लक्ष देत नाही. उलट आहे. जॉबवर्क आहे म्हणून ते यंत्र अजून भंगारात गेलेलं नाही.

इथे मुंबईच्याच एका माणसाची आठवण होते. शंकर आबाजी भिसे, जन्म 1867, म्हणजे लक्ष्मणरावांहून दोन वर्षांनी मोठे. भारताचे एडिसन म्हणून ओळखले गेले. बुद्धीचं म्हणाल तर लक्ष्मणरावांहून काकणभर सरसच. ते लंडनला गेले, छपाईचे खिळे पाडण्याचं त्यांचं यंत्र जगातल्या उत्तम यंत्रांशी टक्कर देणारं होतं, आणि सर रतन टाटांचा पैसा त्यांच्या मागे उभा राहिला. टाटा-भिसे सिंडिकेट निघालं. महायुद्धाच्या काळात ते संपलं, भिसे अमेरिकेला गेले आणि 1935 मध्ये तिथेच वारले. एवढं डोकं, एवढा पैसा, पण सगळा भार एका महागड्या यंत्रावर आणि एका पाठीराख्यावर. शिवाय गिऱ्हाईक म्हणजे परदेशातले बलाढ्य छापखाने. कडबा कापण्याच्या यंत्रासारखं काहीतरी साधं, रोज विकलं जाणारं त्यांच्या हाताशी असतं तर काय झालं असतं, असं मला नेहमी वाटतं. अर्थात हे आपण मागाहून बोलतोय.

बेळगावला नांगर हळूहळू विकला जाऊ लागला, बस्तान बसू लागलं, आणि नेमका तेव्हा दुसरा फटका बसला. ठळकवाडी नावाची नवी वस्ती वसवायची म्हणून नगरपालिकेनं वर्कशॉपची जागा खाली करायला सांगितलं. सायकलचं दुकान एका रात्रीत उचलता येतं. भट्टी, यंत्रं, पट्टे, शाफ्ट असं सगळं मांडलेलं वर्कशॉप उचलायचं म्हणजे काय ते आपल्या वर्कशॉपच्या सरांना विचारा. माल चांगला आहे, मागणी आहे, माणसं तयार आहेत आणि धंदा अडलाय तो पायाखालच्या जमिनीमुळे. लहान कंपन्या अशाही मरतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो.

यातून वाट निघाली ती जुन्या ओळखीतून. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांशी त्यांचा स्नेह होता. 1909 मध्ये ते औंध संस्थानचे राजे झाले. औंधला देवीच्या देवळातल्या मंडपाचं बांधकाम लक्ष्मणरावांकडे आलं, म्हणजे पुन्हा एकदा दुसऱ्याच कामानं हात दिला. वर्कशॉपवर गंडांतर आल्याचं कळल्यावर बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि 10,000 रुपये कर्जाऊ दिले. कुंडल रोड या रेल्वे स्टेशनजवळची 32 एकर जमीन.

आता हे वाचून कुणी म्हणेल, राजा मित्र असल्यावर कुणीही कारखाना काढेल. बरोबर आहे, नशीब होतंच. ते नाकारून लक्ष्मणरावांचा मोठेपणा वाढत नाही. पण बाळासाहेबांसमोर 1909 साली नुसता कागदावरचा बेत नव्हता. बारा वर्षं टिकलेलं वर्कशॉप होतं, विकला जात असलेला नांगर होता आणि उभा राहिलेला मंडप होता.

जमीन कशी होती? निवडुंगानं भरलेली, नाग-साप फिरणारी, पाण्याची मारामार असलेली. पण तिला एक गुण होता, आणि तो कुठल्याही सुपीक जमिनीला नसता: ती रेल्वेला लागून होती. बीड आणि कोळसा वॅगननं येणार, नांगर वॅगननं जाणार. जड माल करणाऱ्यानं नकाशात आधी रूळ बघायचे आणि मग बाकीचं, हे त्यांनी ओळखलं. 1910 मध्ये 25 कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसह वसाहत सुरू झाली. तीच किर्लोस्करवाडी, आजच्या सांगली जिल्ह्यातली. परदेशात कारखान्याभोवती गावं वसवली जातात हे लक्ष्मणरावांनी वाचलेलं होतं, आणि ते माळरानावर करून बघायची त्यांची तयारी होती. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा त्यांचा आग्रह होता. 1910 साली हे बोलायलाही धाडस लागत असे.

माणसंही बघा कशी होती. रामुअण्णा वसाहतीची उभारणी आणि व्यवस्था बघत. शंभूराव जांभेकर इंजिनिअर म्हणून उत्तम. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत. के. के. कुलकर्णी पडेल ते काम अंगावर घेणारे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्राची कल्पना त्यांच्या डोक्यात अशी उभी राहायची की शिकलेल्यांनी बघत राहावं. आणि राखणीला कोण? दरोडेखोरीबद्दल शिक्षा भोगलेली दोन माणसं! त्यांच्यावर वसाहतीची राखण सोपवली आणि त्यांनी ती इमानानं केली. आजच्या प्लेसमेंटच्या क्रायटेरियात यातले निम्मे लोक अॅप्टिट्यूड टेस्टलाही बसू शकले नसते. साठ टक्के थ्रूआउट कुणाला असणार! हे लोक लक्ष्मणरावांनी हेरले हे तर खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते टिकले. माळरानावर, सापांच्या संगतीत, जास्त पगाराचं आमिष नसताना. मोठी कंपनी माणूस गेला तर दुसरा आणते. पाच जणांच्या वर्कशॉपमधून फळणीकरांसारखा एक जण गेला असता तर अर्धी कंपनीच त्याच्याबरोबर चालती झाली असती.

चार वर्षं बरी गेली आणि 1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. युद्धानं एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं घेतलं. विलायती नांगर येणं कमी झालं, म्हणजे बाजार मोकळा. पण नांगर ज्यातून करायचा ते लोखंड, भट्टीचा कोळसा, इतकंच काय नांगराला द्यायचा रंग, याचीही टंचाई. मागणी दारात उभी आणि भट्टीत घालायला काही नाही. हा प्रकार मागणी नसण्यापेक्षाही जास्त छळतो.

मग जिथून मिळेल तिथून लोखंड गोळा करणं सुरू झालं. यातली सगळ्यांत भारी गोष्ट कोल्हापूरच्या तोफांची. शाहू महाराजांच्या दरबाराकडे जुन्या तोफा पडून होत्या. त्या किर्लोस्करांना मिळाल्या, फुटून भट्टीत गेल्या आणि त्यांचे नांगर झाले. ऐकायला हे कीर्तनातल्या दृष्टान्तासारखं वाटतं, पण त्यात तंत्रही आहे: ओतीव तोफ म्हणजे बीडच, ते पुन्हा वितळतं. दगडी कोळशाच्या जागी लाकडी कोळसा वापरून भागवलं गेलं. क्युपोला भट्टीत हे सोपं नसतं. लाकडी कोळसा वरच्या लोखंडाच्या वजनाखाली चुरतो आणि भट्टी गुदमरते. तरी काम चालू ठेवलं, माणसं बसवून ठेवली नाहीत. ज्या वर्कशॉपला दहा वर्षांपूर्वी नांगर खपत नाहीत म्हणून चिंता होती, त्याला आता नांगर पुरत नाहीत म्हणून चिंता होती.

यापुढची गोष्ट मोठ्या कंपनीची आहे, ती भराभर सांगतो. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्कर खबर हे पत्रक सुरू केलं. कारखान्याच्या बातम्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला निघालेलं ते पत्रक पुढे किर्लोस्कर मासिक झालं आणि त्याच्या पाठोपाठ स्त्री आणि मनोहर ही मासिकंही आली. आपल्या अंकाच्या संपादक मंडळानं नोंद घ्यावी: मराठीतलं एक नावाजलेलं मासिक नांगराच्या कारखान्यातून निघालं. 1922 मध्ये मुलगा शंतनू अमेरिकेला एमआयटीत मेकॅनिकल शिकायला गेला आणि 1926 मध्ये पदवी घेऊन परतला. उसाचे चरक, पाण्याचे पंप, मग लेथ असा विस्तार होत गेला. 1946 मध्ये पुण्याला ऑइल इंजिन्सचा कारखाना निघाला, तिथलं इंजिन आपल्या लॅबपर्यंत आलं.

एक प्रसंग मात्र ओलांडून जाता येत नाही. 1948 मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा 78 वर्षांचे. निवडुंग काढून जिथे पहिली भट्टी पेटवली, तिथेच ही आग लागली. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि पंप पुन्हा निघू लागले.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 ला गेले. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्यानं तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नाव किर्लोस्करवाडी झालं. सुट्टीत मिरजेकडे गावी जाणाऱ्यांनी पुण्यानंतर झोप लागली नसेल तर खिडकीतून बघावं, रुळांना लागूनच कारखाना आहे.